जुन्या बंदुकीचा दस्ता

सरकारी कागदाला बंदुकीचे वर्णन करायला एक ओळ पुरते. आमच्या घरच्या परवान्यावर ‘मस्केट, चारशे दहा बोअर, एकनळी’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्यापुढे नंबर. माणसाच्या आधार कार्डावर तरी याहून जास्त काय असते म्हणा! पण गेले वर्षभर या एका ओळीवरून आमच्या घरात जितके बोलणे झाले, तितके माझ्या लग्नाच्या वेळीही झाले नव्हते. प्रश्न साधा होता. बंदूक जुनी झाली आहे. तिला नवी करायची की नाही?

तुम्ही म्हणाल, बालवाडीत मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला बंदुकीतले काय कळते? खरे आहे. मी जन्मात एकदाही घोडा ओढलेला नाही. पण पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात ती बंदूक माझ्या आधीपासून आहे. लहानपणी बोट लावले तर तात्या हातावर मारीत, म्हणून ती मी डोळ्यांनीच पाठ केली. दस्त्यावर हाताच्या घामाने काळी पडलेली जागा, नळीवरचे उडालेले रंगाचे पोपडे, आणि दस्त्याच्या मानेपाशी आडवी गुंडाळलेली पितळेची पट्टी. बंदुकीला पट्टी असतेच असे मला कितीतरी वर्षे वाटत असे.

ही बंदूक मुळात बंदूक नव्हेच. ती रायफल होती. बोल्टच्या मागे उजव्या अंगाला लोखंडी कड्यावर एक मुकुट कोरलेला आहे, त्याखाली जी. आर. ही अक्षरे, मग ‘एनफिल्ड’ आणि १९१७ हे साल. म्हणजे पहिले महायुद्ध चालू असताना इंग्लंडात ती तयार झाली, पंचम जॉर्ज बादशहाच्या नावाने. तेव्हा ती थ्री नॉट थ्री होती; दहा गोळ्यांची. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात अशा जुन्या रायफलींचे रूप पालटण्यात आले. रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत लांब आणि सरळ जाते. त्या खाचा काढून नळी रुंद आणि गुळगुळीत केली. गोळ्यांची पेटी जिथे बसायची तिथे लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. दहा गोळ्यांची रायफल अशी एका बाराची छऱ्यांची बंदूक झाली आणि पोलिसांच्या, तुरुंगावरच्या पहारेकऱ्यांच्या हाती गेली. यामागचा हिशेब मोठा धूर्त होता. जमावावर झाडली तर फार लांब जाऊ नये. आणि जमावाने शिपायाच्या हातून हिसकावली तरी तिचा फारसा उपयोग होऊ नये.

म्हणजे नवी करण्याचा, बदलण्याचा प्रकार तिच्या बाबतीत एकदा होऊन गेलेला आहे. तिला मुद्दाम दुबळी करण्यात आली, आणि दुबळी झाली म्हणूनच पुढे कधीतरी शेतकऱ्याच्या घरी येऊ शकली.

माझे आजोबा, त्यांना आम्ही थोरले आबा म्हणत असू, त्यांनी ती १९६४ साली एका परवानाधारक दुकानातून घेतली. रानडुकरे भाताची खाचरे रात्रीत उलथून टाकीत, हे निमित्त. आबांच्या जवानीत सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. भूमिगतांच्या भाकऱ्या आमच्या घरातून जात, आणि एकदा पोलिसांनी आबांना चावडीपुढे दिवसभर उन्हात उभे केले होते. अशा माणसाने बादशहाचा मुकुट कोरलेली बंदूक विकत आणली, याचे गावाला नवल वाटले. कोणी म्हणे, कानस मारून तो मुकुट घासून टाका. आबा म्हणाले, “राहू द्या. आता त्यो माझ्या खळ्यावर राखण करतोय.”

ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की त्यात आबांचे शब्द किती आणि तात्यांनी घातलेले किती, हे आता वेगळे करता येणार नाही. तरी मुकुट जागेवर आहे, एवढे खरे.

तात्या २०२१ साली गेले. परवाना वारसाने माझ्या धाकट्या भावाच्या नावावर झाला. तो शेती बघतो, दूध संकलनाचे काम बघतो, आणि गेल्या साली त्याने नवे घर बांधले. घराला दिवाणखाना आला. दिवाणखान्याच्या भिंतीवर काय लावायचे हा प्रश्न आला, आणि धाकट्याच्या मनात आले की बंदूक चांगली काळी कुळकुळीत करून घ्यावी, दस्ता नवा अक्रोडी बसवावा, आणि निदान खंडेनवमीला तरी चार माणसांत पूजेला मांडता यावी. भिंतीवर बंदूक टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही, हे त्यालाही पटले. ती कुलपातच राहील असे ठरले. पण नवी करण्याचा हट्ट काही सुटेना.

“आक्का, अगं भंगारात काढल्यासारखी दिसती. लोक हसत्यात,” असे तो म्हणे.

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही वेळा ती जाऊन आली. बांधलेली चिठ्ठी, सुतळी आणि नळीवर नवा ओरखडा घेऊन परतली. दुसऱ्या खेपेला तर बोल्टपाशी तांबडा गंज दिसू लागला. “तू ज्याला जुनेपण म्हणतीस, त्यो गंज हाय,” धाकटा म्हणाला. माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

मग त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, मध्ये तोंड घातले. त्याने कुठेतरी अमेरिकेतल्या बंदुकांविषयी वाचले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शिपायांनी खंदकात वापरलेली विंचेस्टर कंपनीची छऱ्यांची बंदूक, १८९७ सालच्या नमुन्याची. जॉन ब्राउनिंग या कारागिराने ती रचलेली. वीस इंची नळी, वर हात भाजू नये म्हणून भोकाभोकांचे पत्र्याचे पांघरूण आणि पुढे संगीन. तिचा जर्मनांना एवढा धसका की सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांच्या सरकारने अशा बंदुका युद्धाच्या नियमात बसत नाहीत म्हणून रीतसर निषेध पाठवला. अमेरिकेने तो मानला नाही. ज्यांच्या घरी आज ती बंदूक आहे, त्यांच्यातही आमच्यासारखाच वाद चालतो. जुनी लष्करी बंदूक कोणी घासूनपुसून नवी केली, की हौशी गिऱ्हाईक तिच्यापासून तोंड फिरवते. झिजलेला मूळ रंग आणि बोथट झालेले का होईना पण मूळ शिक्के, यालाच तिथे भाव.

“बघा, आत्या बरोबर सांगतीय!” असे म्हणून भाचा मोकळा झाला. पण मला हा मुद्दा उपयोगी वाटला नाही. आम्हाला काही बंदूक विकायची नव्हती. ज्या वस्तूला गिऱ्हाईक दाखवायचे नाही तिची किंमत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी कशाला करायची?

मला वाटत होते ते वेगळेच, आणि ते नीट सांगता येत नव्हते. आपल्याकडे जुन्या दगडी देवळांना ऑइलपेंट फासतात, ते पाहिले की माझ्या पोटात ढवळते. पण उलटही उदाहरण आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर शेंदराचे थरावर थर चढले होते. २०२२ साली ते उतरवले तेव्हा आतले मूळ रूप लोकांना दिसले. तेव्हा जुने ते ठेवावे हा काही नियम होऊ शकत नाही. कोणता थर ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे दर वेळी नव्यानेच ठरवावे लागते.

शेवटी आम्ही कोल्हापूरला एका मिस्त्रींकडे गेलो. बंदुकीची दुरुस्तीदेखील परवाना असलेल्याकडूनच करून घ्यावी लागते. गावातल्या लोहाराकडे नेणे गुन्हा आहे. बंदूक अर्थात धाकट्याच्या हाती, कागद त्याच्या खिशात आणि मी नुसती सोबतीला. मिस्त्री सत्तरीचे, चष्म्याला दोरा बांधलेले. त्यांनी पहिल्यांदा बोल्ट मागे ओढून ती रिकामी आहे ना हे पाहिले, मग करंगळी घालून पुन्हा पाहिले, मग नळीला डोळा लावला. पाच मिनिटे तोंडातून शब्द नाही. चांगला कारागीर आणि चांगला डॉक्टर यांच्यापुढे बसताना सारखीच धाकधूक होते.

“आतून चांगली आहे,” ते म्हणाले. “बाहेरून काय करायचं म्हणता?”

धाकट्याने आपली यादी सांगितली. त्यावर त्यांनी जे समजावून दिले, ते मला कोणत्याही पुस्तकाने इतके सोपे करून सांगितले नसते. बंदुकीचा काळा रंग, ज्याला ब्ल्यूइंग म्हणतात, तो रंग नसतोच. तोही एक प्रकारचा गंजच. पण काळा गंज. तांबडा गंज लोखंड खातो आणि हा काळा गंज अंगाला घट्ट चिकटून लोखंड राखतो. तो नव्याने आणायचा तर कॉस्टिक सोडा आणि क्षारांच्या उकळत्या पाण्यात लोखंड बुडवावे लागते. ते पाणी साध्या पाण्यासारखे शंभर अंशांवर नव्हे, एकशेचाळीसच्या आसपास उकळते. पण बुडवण्याआधी जुने सगळे काढून, चाकावर घासून लोखंड आरशासारखे करावे लागते. आणि मेख तिथे आहे.

त्यांनी माझा हात धरल्यासारखे करून, न धरता, माझे बोट मुकुटाकडे वळवले. “नखानं बघा.”

मी नख फिरवले. मुकुट जेमतेम लागत होता. नंबर त्याहून थोडा खोल.

“चाक लावलं की हे जातंय. कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या तोंडाशी खळगा पडतो. नंबर पुसट झाला तर पोलीस मला आधी विचारणार आणि मग साहेबांना.”

हे त्यांचे भय उगाच नव्हते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात आठव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की बंदुकीवरचे नाव, नंबर किंवा ओळखीची खूण कोणी पुसू नये, बदलू नये. आणि पुसलेली बंदूक ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ती पुसली असे धरून चालायचे. नाही म्हणणाऱ्याने तसे सिद्ध करायचे. धाकट्याचा चेहरा उतरला. मला, खरे सांगते, मनातून हायसे वाटले. कायदा माझ्या बाजूने आला होता. मिस्त्री म्हणाले, तांबडा गंज तेल आणि बारीक पोलादी काथ्या लावून हाताने काढू, काळे राहिले आहे ते राहू देऊ. खर्च थोडा, काम दोन दिवसांचे.

राहिला दस्ता.

इथे ती पितळेची पट्टी कुठून आली ते सांगायला हवे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला. आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि वर कौलांचे. पहिल्या धक्क्यातच चौकट खचली आणि आतल्या खोलीचे दार जाम झाले. आत आजी, बारा वर्षांचे तात्या, नऊ वर्षांची आत्ती आणि पाळण्यात आठ महिन्यांचे मूल. आबा ओसरीवर निजलेले. अंधारात पहार सापडेना, हाताला बंदूक लागली. ती फटीत घालून त्यांनी दार उचकटले. त्यात दस्ता मानेपासून उभा चिरला. दार निघाले, तिघे बाहेर आली. आजी परत पाळण्याकडे वळली तोवर मधली भिंत बसली.

पुढे कित्येक महिने पत्र्याच्या शेडीत काढल्यावर, घर पुन्हा उभे राहिल्यावर, आबांनी कराडच्या तांबटाकडून ती पट्टी मारून आणली. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. हे सारे आम्हाला तात्यांनी सांगितले, आणि तेही प्रत्येक वेळी ‘तिघे बाहेर आली’ इथपर्यंतच. पाळण्याचे मला आईकडून कळले, माझ्या लग्नानंतर.

म्हणून दस्ता बदलू नये असे माझे ठाम मत होते, आणि त्या मताला माझ्या मते आत्तीचा पाठिंबा असणार होता. तिचा जीव ज्या लाकडाने वाचवला ते ती फेकू देईल? मी धाकट्याला म्हटले, “आत्ती खंडेनवमीला येणार आहे, तिलाच विचारू.”

ती आली. तिचे आता सदुसष्टावे चालू आहे. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. पूजेला बंदूक, विळे, कुदळ आणि ट्रॅक्टरची किल्ली पाटावर मांडली होती. आत्तीने सगळ्यांना हळदकुंकू वाहिले आणि बंदुकीला वाहताना तोंड बाजूला केले. ते तिने दर वर्षी केले असेल. मी त्या दिवशी पाहिले. मी प्रश्न विचारला. ती म्हणाली,

“बदला की. चाळीस वेळा म्हटलं आसंल मी तुझ्या बापाला. मला त्यो फुटका दांडा बघवत न्हाई.”

मी काही बोलले नाही. ती आपणहून पुढे म्हणाली, “तुमाला वाटतं त्या दांड्यानं मला काढलं. मला दिसतं ते निराळं. आबा दाराशी झटत हुतं आन आय म्हणत हुती, लवकर, लवकर. तेवढंच दिसतं.”

माझ्या तीन कादंबऱ्यांत मिळून इतके कमी शब्द मी एकदाही वापरलेले नाहीत. ज्या खुणेला मी घराचा इतिहास समजून जपू पाहत होते, तिच्याकडे ती बाई अठ्ठावन्न वर्षे तोंड फिरवून कुंकू वाहत आली होती. इतिहास तिचा होता. मी तर त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मले.

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता, त्याच्या मनासारखे होत होते. पण तोही गप्प झाला. भावजयीने चहा आणला तेव्हा कुठे बोलणे पुन्हा सुरू झाले.

या रायफलींची एक सोय आहे, ती मिस्त्रींनी आधीच सांगितली होती. इतर बंदुकींचे लाकूड पुष्कळदा टोकापासून टोकापर्यंत एकच असते. इथे मागचा दस्ता वेगळा आणि पुढचे लाकूड वेगळे. तळाशी पितळेची चकती असते, ती काढली की आत एक लांब बोल्ट. तो फिरवला की दस्ता सुटतो. ना लोखंडाला धक्का, ना नंबराला. तेव्हा बाकी सगळे होते तसे ठेवून फक्त दस्ता बदलायचा, असे ठरले. उरलेल्या जुन्या लाकडाचे काय करायचे, असे धाकट्याने विचारले. बंबात घालू का, म्हणाला.

“जाळू नका,” आत्ती म्हणाली. “पण मला दिसंल आसं ठेवू बी नका.”

आता तो दस्ता, पट्टीसकट, आजीच्या एका जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून माळ्यावर धान्याच्या कणगीमागे आहे. भाच्याला जागा दाखवून ठेवली आहे. गोष्ट पुरी सांगितली आहे, पाळण्यासकट.

दहा दिवसांनी धाकटा बंदूक आणायला गेला तेव्हा मीही गेले. मिस्त्रींनी काम फार नेटके केले होते. तांबडे सगळे गेले होते. नळी काळी नव्हे, करडी-तपकिरी, तुकतुकीत. मुकुट होता तितकाच पुसट होता. नवा दस्ता अक्रोडाचाच, पण कोरा. जुन्या पुढच्या लाकडाशेजारी तो अगदी गोरा दिसत होता, मिशीवाल्या म्हाताऱ्याला दुधाचे दात लावल्यासारखा. जवसाचे तेल पाजत राहिलात तर चार-पाच वर्षांत काळवंडेल, असे मिस्त्री म्हणाले.

धाकट्याने बंदूक उलटसुलट करून पाहिली. वर्षभर ‘नवी करा, नवी करा’ म्हणणारा तो माणूस, थोडा खाकरला आणि म्हणाला, “मिस्त्री, एवढा दस्ता जरा जुना करता येईल का हो?”

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. येईल म्हणाले, उद्या या. पाचशे रुपये जास्त पडतील.